जिल्ह्याचा हात

“डोळे मिटा,” उपासनी सर म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले.

संगमनेरचं ते मंगल कार्यालय. पौष चालू होता, लग्नाला तिथी नव्हती, म्हणून आम्हाला ते रिकामं मिळालं होतं. स्टेजवर नवरानवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या. एकीत आमच्या राज्य नेत्रतज्ज्ञ संघटनेचे अध्यक्ष उपासनी सर बसले होते, दुसरीत सचिव चौधरी. खाली तीन बाजूंनी टेबलं मांडलेली, आणि त्यांच्यामागे आम्ही, एकेका जिल्ह्याचा एकेक डोळ्यांचा डॉक्टर, शाळेतल्या पोरांसारखे डोळे मिटून.

“पुढच्या वर्षीची सभा चंद्रपूरला व्हावी, असं ज्यांचं मत आहे त्यांनी हात वर करा.”

बाह्यांची सळसळ झाली. माझा हात मांडीवरच होता.

“पापण्या थरथरताहेत काही जणांच्या,” सर म्हणाले. “चाळीस वर्षं मी पापण्याच बघतोय. नीट मिटा. झालं का चौधरी मोजून? हं. आता रत्नागिरी.”

माझा हात वर गेला. आमच्या बुलढाणा जिल्ह्याने या बाबतीत मला काही सांगितलेलं नव्हतं. ‘मॅडम, तुम्हाला वाटेल तिकडे,’ एवढंच. मला समुद्राकडे वाटत होतं. चव्वेचाळीस वर्षांची झाले होते मी, हजारो डोळे उघडून दिले होते, आणि माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी समुद्र काही पाहिला नव्हता.

“उघडा,” सर म्हणाले. “रत्नागिरी.”

डोळे उघडले तेव्हा समोरच्या टेबलामागे परुळेकर हसत होते.

ही डोळे मिटायची चाल सरांनीच पाडलेली. पूर्वी मतं उघड्या डोळ्यांनी व्हायची, आणि व्हायचं असं की आमच्यातले निम्मे जण उरलेल्या निम्म्यांचे विद्यार्थी. गुरुजींचा हात वर गेला की शिष्यांचे हात आपोआप वर. सरांच्या ते लक्षात आलं. “दिवसभर दुसऱ्याच्या डोळ्यांत बघता,” ते म्हणाले होते, “पाच मिनिटं स्वतःचे मिटून बसायला काय होतं?” तेव्हापासून फक्त अध्यक्ष आणि सचिव डोळे उघडे ठेवत, आणि त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्याजवळच राही. चौधरींना कोणी कधी छेडलं, तर ते म्हणत, “मला मोतीबिंदू आहे, बुवा. मला फक्त हात दिसतात, माणसं दिसत नाहीत.”

दुसरी चाल त्याहून जुनी. सभेत येणारा प्रतिनिधी आपलं मत घेऊन येत नसे. आधी जिल्ह्यातले सगळे जमत, एकेका ठरावावर बोलत, आणि हो की नाही ते ठरवून देत. ते मत इथे आणून ठेवायचं, एवढंच प्रतिनिधीचं काम. लेकीच्या सासरी द्यायची शिदोरी जशी न्यावी तसं. वाटेत सोडून बघायचं नाही.

त्या वर्षी माझ्या शिदोरीत काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. ते बांधलं गेलं तेव्हा मीच समोर बसले होते.

मेहकरच्या माझ्या दवाखान्यात, पेशंटच्या बाकांवर, डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही जिल्ह्यातले सगळे डोळ्यांचे डॉक्टर जमलो होतो. सगळे म्हणजे आठ जण. ठराव क्रमांक दोन वाचून झाला: जो सलग पाच वर्षं प्रतिनिधी राहिला, त्याने यापुढे त्या जागेवर येऊ नये, नव्याला पाठवावं. वाचून झाल्यावर सगळे पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

मी नऊ वर्षं जात होते.

चिखलीची अर्चना भगत, सगळ्यांत लहान, दवाखाना टाकून तिला तीनच वर्षं झालेली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“बोल ना,” मी म्हटलं. “मी काय खाते का तुला?”

“मॅडम, तुम्हाला राग येईल.”

“आला तर येऊ दे. डोळ्यात थेंब टाकताना विचारतेस का पेशंटला, राग येईल का म्हणून?”

“मॅडम, मागच्या सभेत लेन्सवर ठराव झाला. शिबिरात भिंग बसवायचं की जुन्यासारखं जाड चष्म्यावर भागवायचं. तो ठराव ज्यांनी केला ना, त्यांतल्या बऱ्याच जणांनी आजवर एक भिंग बसवलेलं नाही.” ती थांबली. “तुम्ही नाही. तुम्ही बसवता. पण बाकीच्यांना कोण हलवणार? तुम्ही सगळे चांगले आहात म्हणून कोणी उठवत नाही. मग आम्ही कधी जायचं?”

खामगावचे म्हातारे राठी डॉक्टर म्हणाले, “बाईचं काय वाईट चाललंय व पोरी? जातात, येतात, सगळं नीट सांगतात.”

“म्हणूनच तर,” अर्चना म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिचं म्हणणं खरं होतं. मी हात वर करायला सांगितले. एकेक करत सगळे वर गेले, राठींचा सगळ्यांत शेवटी, अर्धवट. मी म्हटलं, “झालं तर मग. बुलढाण्याचं मत ‘हो’.” आणि सगळ्यांना चहा दिला. अर्चनाने कपबश्या विसळायला घेतल्या, मी नको म्हणत असताना.

त्या रात्री सासूबाईंच्या पायाला तेल चोळताना मला कळलं की आपण काय दिलं. सासूबाई म्हणाल्या, “आज हात जड पडून राह्यला तुह्या, प्रमिला.” मी म्हटलं, “थंडी आहे, आई.”

संघटनेत मला काही व्हायचं नव्हतं. ठराव, अध्यक्षपद, शाली-नारळ, कशाचीच ओढ नव्हती. वर्षातले दोन दिवस होते, आणि त्या दोन दिवसांत सिंधुदुर्ग जिल्ह्याचे प्रतिनिधी, सावंतवाडीचे डॉक्टर जनार्दन परुळेकर असत.

आमची ओळख पौषातली. सभा दरवर्षी पौषातच व्हायची, कार्यालयं रिकामी मिळतात म्हणून. पौषात कोणी काही शुभ सुरू करत नाही. आम्हीही नऊ पौष काही सुरू केलं नव्हतं. ते मला सरनाईकबाई म्हणत, मी त्यांना परुळेकर डॉक्टर. त्यांनी लग्न केलं नव्हतं. घरी मोठी बहीण होती, तिचा दमा होता, दवाखाना होता. माझे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. घरी सासूबाई होत्या, दवाखाना होता. सावंतवाडी कुठे आणि मेहकर कुठे. पत्र लिहायचं तर कशाबद्दल लिहायचं? एकदा त्यांनी लिहिलं होतं, बुबुळावरच्या एका बुरशीबद्दल. मी उत्तर पाठवलं, बुरशीबद्दलच.

रत्नागिरीचं ठरलं, आणि चहाची सुट्टी झाली.

कार्यालयाच्या मागे स्वयंपाकाची पडवी होती. मोठाली पातेली पालथी घालून ठेवलेली, चुली थंड, एका कोपऱ्यात मुंडावळ्यांचे सुटलेले मणी कोणीतरी झाडून गोळा करून ठेवलेले. आम्ही पडवीच्या पायरीवर उन्हात बसलो. दर वर्षी कुठेतरी अशी एक पायरी सापडायची.

“आता तुम्हाला समुद्र दाखवायचा,” परुळेकर म्हणाले.

“आधी दुसरा ठराव होऊ दे.”

“हो. तो आहे.” त्यांनी कप खाली ठेवला. “तो झाला तर रत्नागिरीला आपण दोघंही नाही.”

“नाही.”

“माणसं समुद्र बघायला सभेशिवायही जातात म्हणा.”

“जातात,” मी म्हटलं. “ज्यांना जाता येतं ती.”

त्यांनी रिकामा कप पायरीच्या कडेला सरकवला. मग म्हणाले, “तुमच्या जिल्ह्याने काय सांगितलंय?”

“असं विचारतात का?”

“नाही विचारत. चुकलं.”

त्यांचे कान लाल झाले. पन्नाशीला टेकलेल्या माणसाचे कान असे लाल होतात हे मला त्यांच्यामुळे कळलं होतं. मी म्हटलं, “जाऊ द्या. या वर्षीची ओवी काय आणलीत?”

हा आमचा एक खेळ होता. ऑपरेशननंतर डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या म्हाताऱ्या वॉर्डात पडून असतात. काम नाही, उजेड नाही, त्या गातात. जात्यावरचं जुनं काही गातात, मधेच आपलं आपण जोडतात. पहिल्या वर्षी जेवताना मी त्यांना त्यातली एक सांगितली, तर ते म्हणाले, आमच्याकडेही गातात. तेव्हापासून वर्षाला एक ओवी त्यांनी आणायची, एक मी.

“आधी तुमची,” ते म्हणाले.

मी म्हटली. लोणारकडच्या एका आजीची होती, भाऊ न्यायला येणार म्हणून वाट बघत पडलेल्या.

“डोळ्याले पट्टी माह्या, कानाले आलं बळ
वाजते बैलाची घंटी, बंधू येते जवळ.”

“आला का भाऊ?”

“आला. पण यष्टीने आला. घंटी कुठून वाजली कोण जाणे.”

ते हसले. मग त्यांनी आपली म्हटली, गळा न काढता, औषध कसं घ्यायचं ते सांगावं तशा आवाजात.

“डोळे बांदले माजे, तरी दिसता सारो गाव
व्हाळाच्या पलीकडे कोण गो, सांगा तेचा नाव.”

“व्हाळ म्हणजे ओढा ना?”

“ओढा.”

“मग सांगितलं का तिने नाव?”

“मी विचारलं तिला. म्हटलं, आजी, कोण तो? तर म्हणाली, डॉक्टर, पट्टी कधी सोडतलास ता सांग.” त्यांनी पायरीवरचा एक खडा उचलला, पुन्हा होता तिथे ठेवला. “पट्टी सोडली, घरी गेली.”

आतून चौधरींची हाक आली, “चला मंडळी, नवरदेव खोळंबलेत.” आम्ही उठलो.

दुसऱ्या ठरावावर चर्चा बरीच झाली. लातूरचा एक तरुण डॉक्टर अर्चनाचंच बोलला, फक्त रडला नाही. “सर, निर्णय त्यांनी घ्यावा ज्यांना तो उद्या टेबलावर निभवायचाय.” एक वयस्क प्रतिनिधी म्हणाले, अनुभवाला काही किंमत आहे की नाही? दुसरे म्हणाले, अनुभव घरी बसून पण सांगता येतो, फोन आहेत आता. उपासनी सर दोन्हीकडे मान डोलवत होते. ठराव झाला तर तेही त्या लाल खुर्चीतून उठणार होते. “हे माझ्यावर आहे,” ते म्हणाले, “त्यामुळे मी गप्प. सम मतं पडली तर रिवाजाप्रमाणे ठराव पडेल, मी माझं मत घालणार नाही. डोळे मिटा.”

मी डोळे मिटले.

मिटलेल्या पापण्यांच्या आत अंधार नसतो. लालसर काहीतरी असतं, आपलंच रक्त उजेडात दिसतं ते. त्या लालीत मला अर्चनाचं पदराचं टोक दिसलं, गुंडाळलेलं, सोडलेलं. आणि एक समुद्र दिसला, जो मी पाहिलेला नव्हता, त्यामुळे तो आमच्या लोणारच्या तळ्यासारखाच दिसला, फक्त पलीकडचा काठ नसलेला.

“ठरावाच्या बाजूने.”

कोणाला कळणार होतं? समोर बसलेल्या दोघांनी काही सांगितलं नसतं. मेहकरला परत जाऊन मी म्हटलं असतं, ठराव पडला, मी तर ‘हो’ दिलं होतं. त्यांनी विश्वास ठेवला असता. राठी म्हणाले असते, बरं झालं. अर्चनाने मान खाली घातली असती आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलली असती किंवा बोलली नसती. हात मांडीवर ठेवायला काही करावं लागत नव्हतं. नुसतं काही करायचं नव्हतं.

माझा हात वर गेला. दुसऱ्याच कोणाचा तरी असावा तसा जड, गार. आठ जणांचा हात होता तो.

“खाली. आता विरोधात.”

आणि मग मी नऊ वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. पापण्या केसभर उघडल्या. आमच्या धंद्यात हे आम्हाला शिकवावं लागत नाही. लबाड मुलं डोळ्यात औषध टाकताना हेच करतात.

समोरच्या टेबलामागे परुळेकरांचा हात वर होता. बाकीच्यांचे खांद्यापर्यंत, कोपरातून वाकलेले. त्यांचा सरळ, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा, बाही मनगटावरून घसरून खाली आलेली. डोळे घट्ट मिटलेले. पहिला थेंब पडताना घाबरट पेशंट मिटतो तसे, कपाळाला आठ्या पाडून.

मला बरं वाटलं. सिंधुदुर्गाला त्यांचा माणूस हवा होता. निदान एका जिल्ह्याला तरी जुनं माणूस हवं होतं. मी डोळे पुन्हा मिटले.

“उघडा,” सर म्हणाले. आवाज जरा हलका झाला होता. “चौधरी, सांगा.”

“बाजूने चौदा. विरोधात तेरा.”

एकदोघांनी चौधरींच्या कागदाकडे मान उंचावून बघितलं. मग लातूरच्या तरुणाने टाळी वाजवायला हात जवळ आणले आणि अर्ध्यातच थांबवले. सर खुर्चीतून उठले. “वाजव रे, वाजव. म्हातारे सुटले, त्यांच्यासाठी वाजव. ज्यांची पाच वर्षं झालीत त्यांनी उभं राहा बघू, एकदा नीट दिसा सगळ्यांना.”

आम्ही उभे राहिलो. दहा-बारा जण असू. परुळेकर त्या बाजूला, मी या बाजूला, मधे टेबलं आणि कोणीतरी आणून ठेवलेली झेंडूची फुलं. सगळे टाळ्या वाजवत होते. त्या कार्यालयाने तशा टाळ्या पुष्कळ ऐकल्या असतील. परुळेकर माझ्याकडे बघत होते, मी फुलांकडे.

चौदा आणि तेरा. मी हात मांडीवर ठेवून विरोधाच्या वेळी वर केला असता, तर चौदा तिकडे झाले असते. एवढा साधा हिशेब करायला मला कोणाची गरज नव्हती, आणि त्यांनाही नसणार. फक्त माझा हात कुठे होता हे त्यांना माहीत नव्हतं, असं मी धरून चालले होते.

जेवण झालं. जिलबी होती. चौधरी पंगतीत फिरून म्हणत होते, “निरोपाची आहे, नाही म्हणू नका.” परुळेकरांची पुण्याची गाडी आणि माझी औरंगाबादची गाडी, दोन्ही दुपारच्याच. आम्ही एकाच रिक्षात स्टँडवर गेलो. पिशव्या मधे होत्या.

स्टँडवर ऊन होतं आणि उसाच्या रसाचं गुऱ्हाळ घुंगरं वाजवत होतं. आम्ही फलाटाच्या कठड्याशी उभे राहिलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, “तुमच्या जिल्ह्याला तुम्ही हवे होतात. ते बघून बरं वाटलं.”

“तुम्ही बघितलंत?”

सुटलं होतं तोंडातून. मी म्हटलं, “बघितलं. विरोधाच्या वेळी डोळे उघडले मी.”

ते खाली बघून हसले. “मी बाजूच्या वेळी उघडले होते.”

घुंगरं वाजत होती. त्यांनी माझा हात पाहिला होता. वर गेलेला. आणि तो पाहून झाल्यावर आपले डोळे मिटून घेऊन, पुढच्या क्षणी आपला हात वर केला होता.

“जिल्ह्याने तसं सांगितलं होतं मला,” मी म्हटलं. “सगळ्या आठ जणांनी.”

“मला माहीत आहे. तुम्ही दुसरं काही करणारच नाही.”

“आणि तुमच्या जिल्ह्याने...”

“आमच्या जिल्ह्याने पण ‘हो’च सांगितलं होतं,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते गाड्यांच्या पाट्यांकडे बघत होते.

“सगळ्यांनी. कुडाळला बैठक झाली, माझ्यासमोर. आमच्याकडेही पोरं आलीत नवी, चांगली आहेत. मीच म्हटलं त्यांना, बरोबर आहे तुमचं, मी ‘हो’ घेऊन जातो.”

“मग?”

“मग काय.” त्यांचे कान लाल झाले होते. “तुमचा हात जिल्ह्याचा होता, सरनाईकबाई. माझा माझा होता.”

मी इतक्या लोकांना सांगितलं असेल, आता डोळे उघडा, हळूहळू, एकदम उजेडाकडे बघू नका. मला ते कोणी सांगितलं नाही. मी तशीच उभी राहिले. एक बाई पोराला कडेवर घेऊन आमच्या मधून गेली, “सरका हो जरा” म्हणत, आणि आम्ही सरकलो.

“आता जाऊन सांगायचं त्यांना,” ते म्हणाले. “विश्वासाने पाठवलं होतं.”

“कोणाला कळलेलं नाही. आणि ठराव तर झालाच.”

“तो झाला तुमच्यामुळे. मी पाडायला निघालो होतो.” ते हे रागाने नाही म्हणाले. कौतुकाने म्हणाले असं मला वाटलं, आणि ते जास्त लागलं. “सांगायला हवं. ताईलाही सांगीन. ती म्हणेल, जन्मात एकदा हात वर केलास, तोही चुकीच्या वेळी.”

पुण्याची गाडी आली. माणसं खिडक्यांतून रुमाल टाकायला धावली. परुळेकर धावले नाहीत. त्यांनी पिशवी उचलली आणि नुसते उभे राहिले, आणि मला कळलं की आता मी बोलायचं आहे. त्यांचं बोलून झालं होतं. नऊ पौषांत जे कोणी उच्चारलं नव्हतं ते त्यांनी हाताने सांगून टाकलं होतं, भर सभेत, डोळे मिटून.

माझ्या तोंडून जे आलं ते हे: “सावंतवाडीला यायचं तर कसं यायचं?”

त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. पट्टी सोडल्यावर पहिल्यांदा बोटं मोजणाऱ्या माणसाचा असतो तसा होता, एवढंच म्हणते.

“मेहकरहून जालना,” ते म्हणाले. “ते तुम्हाला माहीतच आहे. जालन्याहून औरंगाबाद. तिथून पुणे. पुण्याहून कोल्हापूर, सकाळी निघालात तर अंधाराच्या आत पोचता. मुक्काम करा तिथे, रात्रीचा घाट नको. सकाळी सावंतवाडीची गाडी. आजऱ्यापर्यंत ऊस दिसेल, तिथून पुढे जंगल. मग आंबोली. आंबोलीत थंडी वाजेल, शाल हाताशी असू द्या. घाट उतरताना खिडकीशी बसा. उतरलात की हवेचा वास बदलतो. मग थोडाच वेळ.”

“आणि तिथे उतरून?”

“विचारायचं. डोळ्यांचा डॉक्टर कुठे म्हणून. कोणीही सांगेल.” कंडक्टरने घंटी मारली. “सरनाईकबाई, समुद्र तिथूनही लांब नाही.”

ते चढले. त्यांना जागा मिळाली नव्हती. दांडीला धरून, वाकून, ते मागच्या काचेतून बाहेर बघत राहिले. गाडी वळेपर्यंत दिसत होते. ते मी त्यांना पाहिलेलं शेवटचं. पुढे सासूबाईंचं अंथरूण चार वर्षं चाललं. तिकडे ताईंचा दमा वाढला. कुडाळला जाऊन परुळेकरांनी खरंच सगळं सांगितलं आणि संघटना सोडली, असं चौधरींकडून कळलं. का सोडली ते चौधरींनी सांगितलं नाही. त्यांना मोतीबिंदू होता. एका वर्षी, सासूबाई गेल्यावर, मी शालही घडी करून ठेवली होती. त्याच आठवड्यात अर्चना सभेहून परत आली, आमची प्रतिनिधी म्हणून तिचं ते शेवटचं वर्ष, आणि सांगत होती की सभेच्या सुरुवातीला कोकणातल्या एका जुन्या डॉक्टरांसाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले.

पण त्या दुपारी यातलं काही झालेलं नव्हतं. त्या दुपारी माझी गाडी लागली, मला खिडकी मिळाली, आणि संगमनेर मागे पडायला लागलं. शेतांत कांदा होता, हरभरा होता. मी डोळे मिटले. आजऱ्यापर्यंत ऊस, तिथून पुढे जंगल.

“कुठं, ताई?”

कंडक्टर शेजारी उभा होता, तिकिटाची पेटी पोटाशी धरून.

“सावंतवाडी,” मी म्हटलं.

त्याने तिकीट काढायला घातलेला हात थांबवला. पुढच्या सीटवरचा एक म्हातारा वळून बघायला लागला.

“ताई, ही औरंगाबादची गाडी,” कंडक्टर समजुतीने म्हणाला. “सावंतवाडी पार त्या अंगाला राहिली. उतरायचं का? पुढच्या फाट्यावर उतरवतो, तिकडून उलटी गाडी धरा.”

गाडी फाट्यापाशी आली, तशी त्याने घंटीच्या दोरीला हात घातला आणि वाट बघितली. रस्ता दोन्हीकडे मोकळा होता. माझी पिशवी मांडीवर होती.

“नको,” मी म्हटलं. “औरंगाबाद द्या. एक.”